अण्णाशेठला विचारून सांगतो

दयानंदनं गाडी घेतली शनिवारी, आणि सोमवारी तो तिचा मालक राहिला नव्हता. गाडी चोरीला गेली म्हणाल तर नाही, कुणी ओढून नेली म्हणाल तर तेही नाही. यानंच आपल्या तोंडानं ती दुसऱ्याची करून टाकली. बरं, दुसरा तरी खरा असावा? तो तर जन्मालाच आलेला नव्हता. आता अशा माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

हा दयानंद श्रीमंत बिरादार शिरूर अनंतपाळचा. लातूरच्या सिद्धलिंग शेठकडं अकरा वर्षं ड्रायव्हर होता. हाताला सोनं, स्वभावाला गरीब, आणि बोलायला निघाला की माती खाणारा. सिद्धलिंग शेठ वाईट नव्हता. दयानंद काम सोडतोय, स्वतःची दहा टायरची जुनी गाडी घेतोय म्हटल्यावर त्यानं पाठीवर हात ठेवला आणि मायेनं सांगितलं, "जा बाबा. महिन्यात परत येशील. तवर तुझी जागा मी कुणाला देत न्हाई." शिवी दिली असती तर परवडलं असतं. ही माया दयानंदच्या जिव्हारी लागली.

घरी बायकोनं, ऋतुजानं, याहून सरळ हिशेब केला. गाडी घेताना नवऱ्यानं तिला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, आणि तेही गाडी दारात उभी राहिल्यावर. ती म्हणाली, "एक महिना. महिन्यात एखाद्या मिलचं वर्षभराचं बांधून काम मिळालं तर गाडी राहील. रोज सकाळी उठून भाडं मिळतं का भाडं म्हणत गावभर फिरायचं असेल, तर विकून टाका आणि गुमान शेठकडं जा." दयानंदनं मान हलवली. बायकोसमोर त्याची मान नेहमीच हलायची, त्यात नवीन काही नव्हतं.

तर सोमवारी पहिलं भाडं लागलं. भोकरहून तूर भरायची आणि लातूरच्या डाळमिलमध्ये टाकायची. भोकरच्या आडत्यानं गाडीला एक चक्कर मारली, टायरला लाथ मारून बघितली आणि विचारलं, "गाडी कुणाची?"

आता 'माझी' हा शब्द केवढासा. लेकरू बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी म्हणतं. पण दयानंदनं स्वतःकडं बघितलं. ऑइलचा शर्ट, खांद्यावर टॉवेल, पायात प्लास्टिकची चप्पल. गाडीचा मालक म्हणजे सिद्धलिंग शेठसारखा पांढराशुभ्र, पोट सुटलेला, दात कोरत बसलेला असतो. आपण मालक म्हणालो तर हा माणूस हसेल, आणि हमालही हसतील. त्याला लाजच वाटली, दुसरं काही नाही. तो म्हणाला, "शेठची."

"कोणच्या शेठची?"

"अण्णाशेठची."

हे नाव कुठून आलं, त्याचं त्यालाही ठाऊक नाही. पण गंमत बघा. आडत्या म्हणाला, तीस कट्टे, म्हणजे पोती, जास्तीचे टाकतो, जाऊ दे. दयानंद लगेच म्हणाला, "शेठ जादा माल घेऊ देत न्हाई. मागं एकानं टाकला, तर शेठनं लोह्याजवळ रस्त्यावर उतरवून ठेवला आन् मालावर बसून ऱ्हायला." आडत्यानं जीभ चावली. एक कट्टा जास्तीचा पडला नाही. मालक म्हणून भांडला असता तर तासभर गेला असता आणि कट्टे पडायचे ते पडलेच असते.

लातूरला मिलच्या फाटकावर मुनीम दत्तोपंत बसलेले. चष्मा कपाळावर, नजर वहीत. वर न बघताच म्हणाले, "आज खाली होणार नाही. उद्या बघू." ड्रायव्हरला हे वाक्य नवीन नसतं, उद्या बघू म्हणजे परवा. दयानंदनं बंद फोन कानाला लावला. "हाव शेठ. न्हाई शेठ. अवो शेठ, आईवरनं बोलू नका, मी काय करू? मुनीम न्हाई म्हणून राहिले." आणि डोळे पुसले. खरंच पुसले, कारण तुरीची धूळ गेली होती. दत्तोपंतांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. तासाभरात गाडी खाली झाली, वर हमालांनी त्याला चहा पाजला.

मग काय, दयानंदच्या हाती परीसच लागला. अण्णाशेठ दिवसेंदिवस वाढत गेला. त्याला बीपी झालं. त्याची पहिली बायको माहेरी गेली, दुसरी जायच्या बेतात होती. हैद्राबादला कुणी त्याला 'अरे' म्हटलं म्हणून त्यानं भरली गाडी तशीच परत आणली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण जेवणारे पोटभर जेवत होते. अहमदपूरच्या ढाब्यावर दुसरे ड्रायव्हर दयानंदला आपल्या ताटातली शेंगदाण्याची चटणी काढून द्यायचे. म्हणायचे, "खा भाऊ. तुझ्या नशिबी असला कसाई यावा, लई वाईट वाटतंय." दयानंद खायचा. आणि त्यालाही स्वतःचं लई वाईट वाटायचं.

इथं खरी पंचाईत झाली. लोकांनी विश्वास ठेवला ते ठीक, यानं स्वतःच ठेवला. दुसऱ्या आठवड्यात ऋतुजाच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. तिनं फोन केला, कधी येता. दयानंद नांदेडला गाडी लावून उभा होता. तो म्हणाला, "जमतंय असं वाटत न्हाई. शेठ सुट्टी देत न्हाई."

"कोणता शेठ?" ऋतुजानं विचारलं.

"अं?"

"गाडी तुमची ना?"

"हाव."

"मग सुट्टी कोण देत नाही?"

दयानंद टायरकडं बघत राहिला. ऋतुजा एकटी लग्नाला गेली आणि पुढचे दोन दिवस बोलली नाही. अहो, नाहीच बोलणार. जो माणूसच नाही त्याला कुठल्या बाईचा नवरा घाबरतो?

तिसरा आठवडा संपत आला आणि मिलच्या मालकीणबाईंनी त्याला आत बोलावलं. मंजुषाताई. वय पन्नाशीचं, साडीवर स्वेटर, पायात पळायचे बूट. वडिलांमागं मिल त्याच बघायच्या. डाळ दातानं फोडून बघायच्या आणि माणूस नजरेनं. म्हणाल्या, "तुझी गाडी वेळेवर येते. कट्टा फाटत नाही, माल भिजत नाही. मी वर्षभराचं काम देते. भोकरहून तूर आणायची, जाताना नांदेडला डाळ न्यायची. दोन्हीकडून भरून. जमेल?"

हेच ते. याच्यासाठीच सगळा खटाटोप होता. महिना भरायला आठ-दहा दिवसच उरले होते आणि देव अगदी दारात येऊन उभा राहिला होता. अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणतो? जमेल ताई, म्हणतो. आमचा गडी म्हणाला, "शेठला विचारून सांगतो."

"सांगू नको. गुरुवारी शेठलाच घेऊन ये," मंजुषाताई म्हणाल्या. "मी माणूस समोर बघितल्याशिवाय कागद करत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

घरी येऊन त्यानं ऋतुजाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जा आणि खरं सांगा. सोपं आहे."

"सोपं कसं? तीन हप्ते झाले खोटं बोलून. आता खरं बोललो तर खोटारडा म्हणून हाकलून देतील. गेलं मग काम. गेली गाडी."

कोपऱ्यात ऋतुजाचे वडील पेपर वाचत बसले होते. ज्ञानोबा गुरुजी. चाकूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, चार दिवस लेकीकडं आलेले. शाळेच्या गॅदरिंगला नाटकात सावकाराचं काम करायला कुणी तयार व्हायचं नाही, म्हणून ते दरवर्षी गुरुजींकडं यायचं. पेपर हळूच खाली आला.

"या शेठचं वय काय?" गुरुजींनी विचारलं.

ऋतुजानं कपाळाला हात लावला. पण बुडत्याला काडीचा आधार, दयानंदला ती काडी बरी वाटली. त्यानं सासऱ्यांना पढवलं. "मामा, लई काही करायचं न्हाई. नमस्कार करा. विचारलं तर हाव म्हणा. आन् म्हणा, माझ्या सगळ्या कामाचा अधिकार दयानंदला दिलाय, सही तोच करील. संपलं." गुरुजींनी ते वहीत लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "पण हा चिडका का आहे? लहानपणी काही घडलं होतं का?"

"मामा, तो न्हाईच."

"भूमिका समजल्याशिवाय मी रंगमंचावर जात नाही, जावईबापू," गुरुजी म्हणाले.

गुरुवारी गुरुजी तयार झाले तेव्हा ऋतुजा तोंडाला पदर लावून आत पळाली. पांढरा नेहरू शर्ट, पांढरं धोतर, काळा चष्मा, कपाळाला गंध, आणि चार बोटांत चार अंगठ्या. अंगठ्या ऋतुजाच्या होत्या, खोट्या, एकीवर मोर होता. मोराचं तोंड आतल्या बाजूला वळवून घेतलं. रस्ताभर गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. भूमिकेत शिरत होते. गाडीत रिकामी पोती होती ती मिलमध्ये उतरवून दयानंदनं गाडी टरफलाच्या ढिगासमोर उभी केली. तुरीची डाळ केल्यावर राहतं ते टरफल, माणसाच्या डोक्याइतका उंच ढीग होता.

ऑफिसात मंजुषाताईंनी गुरुजींना खुर्ची दिली. दत्तोपंत कागद घेऊन बाजूला बसले. दयानंद दाराशी उभा राहिला, त्याला बस म्हणून कुणी सांगितलं नाही आणि त्यालाही बसावंसं वाटलं नाही.

सुरुवात चांगली झाली. गुरुजींनी नमस्कार केला. हाव म्हणाले. मंजुषाताई म्हणाल्या, "अण्णाशेठ, तुमचा ड्रायव्हर फार चांगला आहे हो. असा माणूस आजकाल मिळत नाही."

इथं गुरुजींनी हाव म्हणायचं होतं. वहीत तसं लिहिलेलं होतं. पण नोकराची स्तुती ऐकून गप्प बसेल तो अण्णाशेठ कसला? आणि खरं सांगायचं तर जावयाची स्तुती ऐकून गप्प बसेल तो सासरा तरी कसला? गुरुजींनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चांगला? हा?" ते म्हणाले. "याला विचारा, दिवाळीला घरी होता का. विचारा. पोरगी दाराकडं डोळे लावून बसली होती. हा विजापूरला."

"मामा," दयानंद पुटपुटला.

"मध्ये बोलायचं नाही. सरळ उभा राहा." दयानंद सरळ उभा राहिला. दत्तोपंतही खुर्चीत सरळ झाले. "लग्नाला गेला नाही. न विचारता गाड्या घेतो. बायको म्हणजे काय भिंत आहे का? तिला एका शब्दानं विचारावंसं वाटत नाही याला."

मंजुषाताई बघतच राहिल्या. "तुम्ही ड्रायव्हरच्या बायकोचीही एवढी काळजी करता?"

"तिला मी जन्मापासून ओळखतो," गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला. लेकीच्या लग्नापासून दहा वर्षं पोटात ठेवलेलं सगळं वर आलं होतं. भूमिका कुठं संपली आणि बाप कुठं सुरू झाला, ते त्यांनाही कळत नव्हतं. त्यांनी टेबलावर हात आपटला, मोराची अंगठी उडून दत्तोपंतांच्या वहीत पडली. "बास झालं. आजपासून तुला कामावरून काढलं. किल्ली ठेव इथं."

आणि दयानंदनं किल्ली ठेवली.

हसू नका. अकरा वर्षांत मालकानं किल्ली मागितली की ठेवायची, ही सवय हाडात गेलेली असते. स्वतःच्या गाडीची किल्ली त्यानं टेबलावर ठेवली, दोन पावलं मागं सरकला आणि हात बांधले. गुरुजींनी किल्ली उचलली, धोतराचा सोगा सावरला आणि तरातरा बाहेर गेले.

मंजुषाताई लाल झाल्या होत्या. "असल्या माणसाबरोबर मला कागद करायचा नाही," त्या म्हणाल्या. "दत्तोपंत, फाडा तो. आणि दयानंद, तू काळजी करू नको. माझ्या मिलच्या दोन गाड्या आहेत. उद्यापासून माझ्याकडं ये. पगार वेळेवर, रविवारी सुट्टी."

दत्तोपंतांनी कागद हातात धरला. दयानंदच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो, आणि ते त्याला शोभण्यासारखं नव्हतं. त्याला बरं वाटलं. हायसं वाटलं. टायर फुटला तर फुटला, भाडं लागलं नाही तर नाही लागलं, आपण नुसती गाडी हाकायची आणि घरी जायचं. चांगली बाई आहे. सिद्धलिंग शेठकडंही जायला नको, तोंड दाखवायला नको. 'हाव ताई' हे शब्द ओठावर येऊन बसले.

तेवढ्यात अंगणातून इंजिनाचा आवाज आला.

त्यानं खिडकीतून बघितलं. ड्रायव्हरच्या सीटवर गुरुजी बसले होते. अण्णाशेठ आपली गाडी आपण नेणार होता. गुरुजींनी आयुष्यात लुना सोडून काही चालवलं नव्हतं, आणि लुनाही चढावर ढकलत न्यायचे. त्यांनी दिसेल ते ओढलं, दाबलं, फिरवलं. गाडी एकदा मागं आली, एकदा थरथरली, आणि मग सरळ टरफलाच्या ढिगात शिरली. अर्धा ढीग बोनेटवर, उरलेला खिडकीतून गुरुजींच्या अंगावर. वायपर सुरू झाले, ते बंद होईनात.

दयानंद कसा धावला ते त्याला आठवत नाही. दारातला टेबलफॅन पाडला, एका हमालाला पाडलं, आणि धावता धावता असा ओरडला की पत्र्यावरची कबुतरं उठली.

"मामा, हात काढा! गाडी माझी हाय! माझ्या गाडीला हात लावू नका!"

इंजिन बंद पडलं. अंगणात सगळे थांबले. हमाल, फाटकावरचा माणूस, दारात आलेल्या मंजुषाताई, त्यांच्यामागं दत्तोपंत. दयानंद पायरीवर चढून गुरुजींच्या अंगावरची टरफलं झटकत होता, "लागलं का मामा, कुठं लागलं का," विचारत होता, आणि दुसऱ्या हातानं बोनेट कुरवाळत होता.

"मामा?" मंजुषाताई म्हणाल्या.

आता पळायला वाट नव्हती. दयानंद खाली उतरला. "सासरे हायेत माझे," तो म्हणाला. "गुरुजी हायेत. शेठ न्हाईत."

"मग अण्णाशेठ?"

"नव्हताच."

"तीन आठवडे ज्याला सगळी मिल शिव्या घालते तो?"

"नव्हताच ताई."

"आणि गाडी?"

त्यानं केबिनमधून प्लास्टिकच्या पिशवीतलं आरसी बुक काढून दिलं. मंजुषाताईंनी नाव वाचलं. मग त्याच्याकडं बघितलं. मग परत नाव वाचलं.

"का रे बाबा?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळावं म्हणून.

दयानंदनं टॉवेलानं तोंड पुसलं. "लाज वाटली ताई. अकरा वर्षं कुणी विचारलं की मी शेठचं नाव सांगितलं. मला वाटलं, मी मालक म्हणालो तर लोक हसतील. खोटं बोललो, चुकलं. पण तुमच्याकडं नोकरीला मी येत न्हाई. मगाशी येणार होतो. आता न्हाई. माझी गाडी मी चालवीन. काम द्या न्हाई तर नका देऊ."

एवढं लांब तो उभ्या जन्मात बोलला नव्हता. गुरुजी सीटवरूनच म्हणाले, "शाबास." त्यांच्या मिशीतून टरफल पडलं.

मंजुषाताई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. आधी त्यांच्या खांद्याला हिसका बसला, मग पदर तोंडावर गेला, आणि मग त्या अशा हसायला लागल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. हमाल हसले, फाटकावरचा हसला. ज्याची तीन आठवडे भीती वाटली ते हसू हेच, आणि दयानंदला त्यात काही झालं नाही. तोही हसला.

"खोट्याचा मला तिटकारा आहे," डोळे पुसत मंजुषाताई म्हणाल्या. "पुन्हा खोटं बोललात तर गाडी फाटकाच्या आत येणार नाही. आणि ढीग तुम्ही दोघांनी उचलायचा. दत्तोपंत, कागद फाडला का?"

"अर्धाच," दत्तोपंत म्हणाले.

"नवीन करा. यांच्या नावानं."

ऊन कलायला लागलं तोवर जावई-सासऱ्यांनी ढीग जागेवर लावला. मग ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर नवीन कागद होता, खाली दोन रेघा. एकीखाली ड्रायव्हर लिहिलेलं. दयानंदनं तिथं झटक्यात सही ठोकली, हाताला सवयच होती, आणि पेन दत्तोपंतांना परत द्यायला पुढं केलं.

दत्तोपंतांनी पेन घेतलं नाही. त्यांनी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मालक, इथंही करा."

दयानंदनं वळून मागं बघितलं, कोण आलं म्हणून. मागं गुरुजी उभे होते, धोतराला टरफलं लागलेली.

"माझ्याकडं काय बघता, जावईबापू," गुरुजी म्हणाले. "तुम्हाला म्हणतायत ते."